व्हीसीआर पुन्हा उभा करताना: मुंग्यांची पट्टी गेली, आवाज अजून लहरतोय

मशीन आता कॅसेट ओढतं, टेप ड्रमभोवती, म्हणजे हेड बसवलेल्या फिरत्या दंडगोलाभोवती गुंडाळतं आणि चित्र दाखवतं. दोन हेडचा (हेड म्हणजे टेपवरचं चित्र वाचणारं चुंबकीय टोक), पाल या टीव्ही सिस्टीमचा साधा व्हीएचएस. तक्रारी तीन होत्या: चित्रभर मुंग्या, वरच्या बाजूला एक हट्टी पट्टी आणि लहरणारा आवाज.

मुंग्यांचं कारण लगेच सापडलं. पावसाळ्यात कपाटात राहिलेल्या कॅसेटच्या रिळावर पांढरी बुरशी दिसत होती. अशी एक कॅसेट चालवली की हेडची फट बुजलीच समजा. ती फट मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही अरुंद असते. साध्या कागदाला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलं, कागद ड्रमवर टेकवून स्थिर धरला आणि ड्रम वरून हाताने सावकाश फिरवला. कागदावर तपकिरी रेघ उमटली. कापसाची काडी वापरू नका आणि हेडवर वर-खाली तर मुळीच घासू नका, फेराइटचं टोक तुटतं. ते तुटलं की खेळ संपला.

चित्र स्वच्छ झालं, पण वरच्या चौथ्या हिश्श्यात मुंग्यांची पट्टी तशीच. ट्रॅकिंगची, म्हणजे हेड टेपवरच्या रेघांवर नेमकं आणायची चकती फिरवली तर ती जाडबारीक व्हायची, जायची नाही. इथे बरेच जण थेट हेड झिजलं म्हणून मोकळे होतात. मला ते पटत नाही. झिजलेलं हेड चित्र एकाच ठिकाणी बिघडवत नाही.

म्हणून कोऱ्या कॅसेटवर याच मशीनने थोडं रेकॉर्डिंग केलं. ते इथे अगदी नितळ चाललं. दुसरीकडे भरलेल्या कॅसेटला मात्र पट्टी. म्हणजे हेड ठीक, इलेक्ट्रॉनिक्स ठीक, टेपची वाट वाकडी. मशीन स्वतःची वाकडी वाट स्वतः बरोबर वाचतं, इतरांची सरळ वाट त्याला जमत नाही.

ड्रम सेकंदाला 25 फेऱ्या घेतो आणि प्रत्येक हेड एका फेरीत एक तिरपी रेघ वाचतं. रेघेची सुरुवात म्हणजे पडद्याचा वरचा भाग. त्यामुळे वर पट्टी असेल तर टेप ड्रमवर जिथे चढते तो, म्हणजे भरलेल्या रिळाच्या बाजूचा गाइड रोलर (टेपची उंची ठरवणारी फिरकी) संशयित. खाली असेल तर उतरतानाचा. बोटाने हलकेच फिरवून पाहिलं, तर पहिल्याच गाइडचा तळाचा बारीक स्क्रू सैल. टेपची खालची कड ड्रमच्या तिरप्या पायरीवर बसायला हवी, ती तिथे किंचित अधांतरी दिसत होती.

ऑसिलोस्कोप (सिग्नलचा आलेख दाखवणारं यंत्र) आरएफच्या, म्हणजे हेडकडून येणाऱ्या सिग्नलच्या टेस्ट पॉइंटवर लावला आणि ट्रिगर, म्हणजे आलेखाची सुरुवात, एका हेडवरून दुसऱ्यावर जातानाच्या पल्सवरून घेतली. हेडबदलानंतर लगेच, डाव्या टोकाला एन्व्हलप, म्हणजे सिग्नलच्या उंचीचा आकार, खचलेलं. गाइड केसभर खाली घेत गेलो तसं ते भरत आलं. खरी परीक्षा पुढची: ट्रॅकिंग मुद्दाम बिघडवलं की एन्व्हलप सगळीकडून सारखं खाली यायला हवं. एक टोक आधी पडलं तर काम अर्धवट. ते जमल्यावरच स्क्रू आवळला, आणि आवळताना गाइड हलला नाही ना हे पुन्हा तपासलं. हे सगळं मात्र चांगल्या मशीनवर भरलेल्या, टाकून द्यायच्या कॅसेटवर करायचं. पेचकसाचं टोक चुंबकीय नको.

आवाज अजून लहरतो. टेप दाबून धरणाऱ्या पिंच रोलरचं रबर काचेसारखं गुळगुळीत झालंय. टेप पुढे ओढणाऱ्या कॅप्स्टनच्या दांडीवर टेप निसटते, वेग डगमगतो, आणि वरच्या कडेवरचा साउंड ट्रॅक ते सगळं ऐकवतो. खालची कड जास्त धोक्याची. तिथे कंट्रोल ट्रॅक, म्हणजे वेग जुळवायच्या खुणा असतात. ती कड चुरगळली तर सर्वोचा, म्हणजे टेपचा वेग सांभाळणाऱ्या सर्किटचा आधारच जातो आणि मुंग्यांच्या पट्ट्या चित्रावरून सरकत राहतात. रबर घासून खडबडीत करायचा सल्ला सर्रास मिळतो. माझ्या मते ती चार दिवसांची मलमपट्टी. जुन्या सुट्या भागांच्या दुकानात त्याच मापाचा रोलर शोधतोय.

घरच्या लग्नाची कॅसेट तोवर आत जाणार नाही. रोलर बदलल्यावर आधी भंगारातली एक ई-180 पहिल्यापासून शेवटपर्यंत चालवून बघेन, तिच्या दोन्ही कडा भिंगाखाली तपासेन, मग लग्नाच्या कॅसेटचा नंबर.