पीटीएत नाव देण्याआधी डिसेंबर बघा

जून उजाडला की शाळेची सूचना येते: पालक-शिक्षक संघाच्या (पीटीएच्या) कार्यकारी समितीसाठी इच्छुक पालकांनी नावं द्यावीत. ग्रुपवर लगेच दोन तट पडतात. काहींना वाटतं, नाव दिलं की बाईंचं आपल्या मुलाकडे जरा जास्त लक्ष राहील. बाकीच्यांच्या मते ही चहा-बिस्किटांची कमिटी. हिशेब दोघांचाही चुकतो.

राज्याच्या २०११ च्या शुल्क विनियमन कायद्यानुसार खासगी शाळेतला प्रत्येक पालक पालक-शिक्षक संघाचा सदस्य असतोच, त्यासाठी वेगळं नाव द्यावं लागत नाही. प्रश्न असतो तो कार्यकारी समितीचा. तिथे मुख्याध्यापक अध्यक्ष, उपाध्यक्ष पालकांमधला, सचिव शिक्षकांमधला आणि प्रत्येक इयत्तेचा एक पालक, एक शिक्षक. इच्छुक जास्त असतील तर चिठ्ठ्या टाकतात, त्यामुळे नाव दिलं म्हणजे निवड झाली असं नाही. महापालिकेच्या आणि अनुदानित शाळांत शिक्षण हक्क कायद्यातली शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन चतुर्थांश पालक असतात आणि तिचं काम वेगळं, म्हणून ती इथे बाजूला ठेवू.

कार्यकारी समितीचं खरं काम म्हणजे फी. नवं वर्ष सुरू होण्याच्या किमान सहा महिने आधी व्यवस्थापनाने फीचा प्रस्ताव समितीपुढे ठेवायचा असतो. जूनला सुरू होणाऱ्या शाळेत म्हणजे डिसेंबरपर्यंत, एप्रिलवाल्या शाळेत सप्टेंबरअखेरपर्यंत. निर्णयाला समितीला तीस दिवस मिळतात आणि मंजूर झालेली फी दोन वर्षं लागू राहते. मुंबईत गडबड इथेच होते. जुलैत पन्नास जण उत्साहात असतात. डिसेंबरात कुणाच्या घरी लग्न, कुणी गावी, कुणाच्या ऑफिसात वर्षअखेर. बैठक कामाच्या दिवशी सकाळी अकराला, आणि विरारहून चर्चगेटला जाणाऱ्याने रजा कुठून आणायची? मग हजर असलेले चौघे सह्या करतात आणि त्या सह्यांवर सगळ्या शाळेची फी ठरते.

म्हणून नाव देण्याआधी स्वतःला एकच विचारा: प्रस्ताव येईल त्या महिन्यात तीन-चार संध्याकाळी आणि एक रजा काढता येईल का? नसेल तर राहू द्या. कमीपणा वाटून घेऊ नका. नावापुरता सदस्य रिकाम्या खुर्चीपेक्षा वाईट, कारण त्याची गैरहजेरी मूक संमती म्हणून वापरली जाते.

वेळ असेल तर प्रस्तावाआधी लेखापरीक्षित हिशेब मागा, किमान मागच्या दोन वर्षांचे. एकूण टक्केवारीकडे नंतर बघा. शिक्षकांच्या पगाराचा खर्च खरंच किती वाढला, संस्थेच्याच दुसऱ्या ट्रस्टला भाडं जातं का, 'उपक्रम' आणि 'इतर' या रकान्यांत काय कोंबलंय, हे आधी. टर्म फी, कॉम्प्युटर फी वेगळी दाखवून मूळ फी जैसे थे ठेवायची युक्ती जुनीच आहे.

हजेरीपत्रकावर सही करताना एक बघा. पानावर वर बैठकीची तारीख, खाली सह्यांच्या रेघा आणि मधे कोरी जागा असेल, तर त्या जागेत नंतर 'ठराव एकमताने मंजूर' येऊ शकतं. कोऱ्या जागेवर तिरकी रेघ मारा, मग सही करा. विरोध असेल तर तो इतिवृत्तात नोंदवायला सांगा आणि त्याच संध्याकाळी सचिवांना ईमेल करा. ग्रुपवर कितीही तावातावाने लिहिलं, तरी त्याचा उपयोग शून्य. तक्रार बाहेर न्यायची झाली तर २०१८ च्या दुरुस्तीनंतर विभागीय शुल्क नियामक समितीकडे जायला पंचवीस टक्के पालक एकत्र लागतात. एवढ्या सह्या गोळा करणं हे एकट्याचं काम नव्हे.

एवढा वेळ नाही, पण काहीतरी करायचंय? स्कूल बसची परिवहन समिती धरा. तिच्यात पालक-संघाचा प्रतिनिधी असतो, काम ठरावीक असतं आणि परिणाम दिसतो: बसमध्ये महिला सहायक आहे का, अग्निशामक सिलिंडरची मुदत संपलीय का, क्षमतेपेक्षा जास्त मुलं कोंबली जातात का. वर्ग-प्रतिनिधीचं काम मात्र सोपं दिसतं, तसं नसतं. हरवलेल्या डब्यापासून पेपरातल्या अर्ध्या मार्कापर्यंत सगळं तुमच्या फोनवर येतं. घ्यायचंच असेल, तर पहिल्या दिवशीच ग्रुपवर सांगून टाका की एका मुलाची गोष्ट थेट वर्गशिक्षकांकडे, पूर्ण वर्गाचीच माझ्याकडे.

मध्येच जमेनासं झालं तर सचिवांना लेखी कळवा, आणि तेही दिवाळीच्या सुट्टीआधी (एप्रिलवाल्या शाळेत त्याहून आधी), म्हणजे प्रस्ताव येण्यापूर्वी तुमच्या जागी दुसऱ्याला घेता येईल. हिशेबाच्या झेरॉक्स आणि इतिवृत्तांच्या प्रती घरी ठेवू नका, सोबत द्या.