जुना ॲम्प्लिफायर ठेवा, आधी स्पीकर बघा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या कितीतरी घरांत ऐंशी-नव्वदच्या दशकातला स्टिरिओ ॲम्प्लिफायर आणि दोन लाकडी पेट्या अजून जागेवर आहेत. गाणी मात्र मोबाईलच्या ब्लूटूथ डबीवर वाजतात. संच सुरू होत असेल तर मोडीत देऊ नका. आणि डॅक (मोबाईलचा डिजिटल आवाज ॲम्प्लिफायरला चालेल अशा सिग्नलमध्ये बदलणारी डबी) कुठला घ्यायचा, हा प्रश्न शेवटचा. पहिला प्रश्न स्पीकरचा.

पुढची जाळी काढून वूफरच्या (खर्ज वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकरच्या) कडेची रिंग बोटानं हलकेच दाबा. रबराची असेल तर बहुधा ठीक असते. फोमची असेल आणि बोटाला काळा चिकट भुगा लागला, तर ती गेली. खानापूरकडच्या पावसाळी दमटपणात फोम लवकर कुजतो, वाजवा किंवा न वाजवा. नवी रिंग ‘आठ इंची’ एवढंच सांगून मागवू नका. कागदी कोनचा बाहेरचा व्यास आणि पत्र्याच्या चौकटीचा आतला व्यास मिलिमीटरमध्ये मोजा. फोमच्या जागी फोमच बसवा. रबर जड पडतं, आवाजाचा बाज बदलतो. जुना गोंद आयसोप्रोपिल अल्कोहोलनं काढा. नवा सुकण्याआधी कोन चार बोटांनी सरळ आत दाबून बघा. खरखर आली तर कोनमागचं तारेचं कॉइल चुंबकाला घासतंय. रिंग किंचित सरकवा.

ॲम्प्लिफायरची एकच तपासणी, पण ती चुकवू नका. स्पीकर काढून ठेवा, व्हॉल्यूम शून्यावर नेऊन ॲम्प्लिफायर सुरू करा आणि दहा मिनिटांनी स्पीकरच्या टर्मिनलवर मल्टिमीटर डीसी मिलिव्होल्टवर लावा. 50 च्या आत असेल तर उत्तम. 100 च्या वर गेलं तर स्पीकर जोडूच नका, आधी कारागिराला दाखवा. झाकण स्वतः उघडू नका, प्लग काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरमध्ये चार्ज उरतो.

आता डिजिटल भाग. मोबाईल किंवा लॅपटॉपला छोटा यूएसबी डॅक आणि तिथून ॲम्प्लिफायरच्या मागच्या ऑक्स, ट्यूनर किंवा टेप इन सॉकेटला वायर, एवढं पुरतं. फोनोला कधीच जोडू नका. ते इनपुट तबकडीच्या क्षीण सिग्नलसाठी असतं, सिग्नल शंभरेक पटीनं वाढवतं आणि खर्ज फुगवतं. मागे फक्त पाच पिनांचं गोल डिन सॉकेट असेल, तर टेपच्या सॉकेटवर 3 आणि 5 नंबरच्या पिना डाव्या-उजव्या आणि मधली 2 नंबरची अर्थ (ग्राउंड). तयार केबलला चार आरसीए टोकं (ऑडिओची नेहमीची गोल पिन) असतात, एका जोडीवर आवाज आला नाही तर दुसरी जोडी लावा.

इथे एक अडचण हमखास येते. टेबलावरचा डॅक साधारण 2 व्होल्ट देतो, जुन्या इनपुटला 200 मिलिव्होल्टच्या आसपास पुरे असतात. मग व्हॉल्यूमची कळ जरा फिरवली की घर दणाणतं. तळाच्या त्या भागात कळीच्या दोन्ही बाजू सारख्या चालत नाहीत, म्हणून एक स्पीकर मंद वाटतो. उपाय स्वस्त आहे: प्रत्येक चॅनेलला सिग्नलच्या वाटेत 10 किलोओहमचा रेझिस्टर आणि त्यानंतर अर्थकडे 2.2 किलोओहमचा. सिग्नल सुमारे 15 डेसिबलनं उतरतो आणि कळ मधोमध आरामात वापरता येते.

लॅपटॉपला चार्जर लावल्यावर स्पीकरमधून घूं आवाज येतो का? चार्जर काढून बघा. थांबला तर दोष अर्थच्या फेऱ्याचा (ग्राउंड लूप), म्हणजे दोन उपकरणांची अर्थ दोन वाटांनी जोडली गेल्याचा. दोन्ही प्लग एकाच बोर्डवर घ्या, तरी राहिला तर डॅक आणि ॲम्प्लिफायरच्या मध्ये ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावा. अर्थची पिन मोडणं हा उपाय नव्हे, ते जिवावर बेतू शकतं.

गाण्यांच्या फायली सीडी दर्जाच्या फ्लॅक (दर्जा न घटवता आकार लहान केलेल्या) पुष्कळ झाल्या: 16 बिट, 44.1 किलोहर्ट्झ. त्याहून मोठ्या आकड्यांसाठी पैसे मोजण्यापेक्षा खोलीकडे लक्ष द्या. शहाबादी फरशी आणि उघड्या भिंतींच्या खोलीत टाळी वाजवली की झणझण परत येते. समोर जाड जमखाना अंथरा, पाठीमागच्या भिंतीला घोंगडी टांगा. स्पीकर भिंतीपासून किमान दीड फूट पुढे, ट्विटर (बारीक, उंच स्वर वाजवणारा छोटा स्पीकर) कानाच्या उंचीला आणि तुमच्यासह समभुज त्रिकोण. पाच मीटरपर्यंत 1.5 चौरस मिलिमीटरची साधी तांब्याची वायर पुरते. महागड्या केबलवर रुपयाही घालू नका.

जोडणी बरोबर आहे का हे मोनो मुद्रण (दोन्ही स्पीकरना एकच आवाज देणारं) सांगतं. आपल्या सुळेभावीत जन्मलेल्या कुमार गंधर्वांच्या लहानपणच्या तबकड्या मोनोच आहेत. त्यांतला गळा दोन्ही स्पीकरच्या बरोबर मधोमध, हवेत एका जागी उभा राहिला पाहिजे. तो पसरट लागला, खर्ज पातळ झाला, तर एका स्पीकरचे अधिक-उणे उलटे आहेत. खात्रीसाठी स्पीकर ॲम्प्लिफायरपासून सोडवा आणि त्याच्या वायरींना 1.5 व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा. कोन बाहेर आला तर सेलचं अधिक टोक ज्या वायरीला आहे तीच अधिक. दुसऱ्या स्पीकरलाही तसंच बघून मग दोन्ही जोडा.