राखेची बायोप्सी होत नाही

दोन्ही डोळ्यांखालचे तपकिरी ठिपके पाहिल्यावर वेगळं निदान करायची गरजच नव्हती. आखून काढल्यासारख्या रांगा, दोन ठिपक्यांमध्ये सारखं अंतर. कुठलाही आजार इतक्या शिस्तीत उठत नाही. सुरकुत्या घालवायला बाईंनी एका ब्यूटी क्लिनिकमध्ये प्लाझ्मा पेन करून घेतला होता. खपल्या आठवड्याभरात पडल्या, डाग मात्र चार महिने झाले तरी तसेच. डाव्या कानशिलाबद्दल त्या काही बोलल्याच नाहीत. "तिथला तीळ पण तेव्हाच काढून टाकला, टाका नाही की रक्त नाही," हे लेकीने जाता जाता सांगितलं. डोक्यात अजून घोळतोय तो हा तीळ. ठिपक्यांना वेळ लागेल, पण ते जातील.

पेनची करामत साधी आहे. आत जास्त व्होल्टेज तयार करणारं सर्किट, पुढे एकदाच वापरायची सुई. कोरड्या हवेत ठिणगी पडायला मिलिमीटरला साधारण ३ हजार व्होल्ट लागतात, टोकदार सुईला त्याहून कमी. टोक त्वचेच्या अर्धा-एक मिलिमीटर जवळ आलं की मधली हवा आयनित होते, म्हणजे तिचा प्लाझ्मा बनतो, ठिणगी उडते, त्या बिंदूची त्वचा वाफ होऊन जाते आणि मागे कोळशाचा कण उरतो. सगळं कौशल्य त्या अर्ध्या मिलिमीटरमध्ये. करंगळी गालाच्या हाडावर टेकवल्याशिवाय ते अंतर हाताने राखता येत नाही. सुई टेकली की ठिणगी संपली, मग तो साधा चटका देण्याचा प्रकार, आणि भाजणं खोल जातं. भूल देणारं क्रीम नीट पुसलं नाही तर ओल्या त्वचेवर ठिणगी भरकटते. स्पिरिटने पुसून वाळू न देता पेन चालवला तर ते पेटू शकतं. एका बिंदूवर एकदाच, क्षणभर. आलेली खपली पुसून त्याच जागी दुसऱ्यांदा मारलं की डर्मिस, म्हणजे त्वचेचा आतला थर, गाठलाच. दोन ठिपक्यांमध्ये निरोगी त्वचा सोडायची, कारण जखम भरणाऱ्या पेशी तिथूनच सरकत येतात.

बाईंच्या बाबतीत अंतर नीट राखलेलं होतं, म्हणजे हात वाईट नव्हता. चुकली ती निवड. फिट्झपॅट्रिक मोजपट्टीवरच्या ४ किंवा ५ प्रकारच्या, म्हणजे गव्हाळ-सावळ्या त्वचेत भाजलं की मेलॅनोसाइट, म्हणजे रंग बनवणाऱ्या पेशी, जादा रंग ओततात. काही रंग डर्मिसमध्ये झिरपतो आणि तिथून तो काढायला कुठल्याही क्रीमला महिनोन्‌महिने लागतात. पेन चालवायच्या दोन दिवसांच्या कोर्समध्ये हे शिकवत असतील तर ते शेवटच्या दहा मिनिटांत शिकवत असावेत. मी रात्री डाग फिके करणारं अझेलाइक ॲसिड आणि दिवसा आयर्न ऑक्साइड असलेलं सनस्क्रीन दिलं. साधं सनस्क्रीन दिसणारा प्रकाश फारसा अडवत नाही, आणि गडद त्वचेत डाग टिकवून धरायला तो प्रकाशही पुरतो.

"पण मॅडम, प्लाझ्माने तर जखमा भरतात ना?" लेकीने विचारलं. भरायला मदत होते, खरं आहे. न भरणाऱ्या जखमांवर आम्ही आरगॉनचा थंड प्लाझ्मा वापरतो. त्याचं तापमान चाळीस अंशांच्या खाली असतं, नळी साधारण सेंटीमीटरभर वर धरायची आणि सावकाश फिरवायची. जंतू मरतात, त्वचा जळत नाही. नायट्रोजन प्लाझ्माचं यंत्र आणखी वेगळं. अमेरिकेत त्याला २००५ मध्ये मान्यता मिळाली. ते १ ते ४ ज्यूलचे स्पंद सोडतं. नायट्रोजन त्वचेजवळचा ऑक्सिजन हटवतो, त्यामुळे कोळसा होत नाही आणि वरची मृत त्वचा काही दिवस पट्टीसारखी जागेवर राहते. पेन यांपैकी काहीच करत नाही, तो फक्त जाळतो. जाहिरातीत मात्र तिघांचे गुण एकाच्याच नावावर जमा असतात.

कानशिलावर डर्मोस्कोप, म्हणजे त्वचा मोठी करून दाखवणारं दिव्याचं भिंग, टेकवला. मधोमध पांढुरका व्रण, त्यात केंद्राकडून बाहेर निघालेल्या तपकिरी रेघा. अर्धवट काढलेला तीळ पुन्हा उगवतो तेव्हा चित्र असंच दिसतं आणि रंग व्रणाच्या हद्दीत राहतो. इथे मात्र घड्याळातल्या सातच्या जागी रंग हद्द ओलांडून बाहेर आलेला, त्याला करडी छटा. एकूण आकार ७ मिलिमीटर. "बघू पुढच्या महिन्यात" म्हणण्यासारखं ते नव्हतं.

२ मिलिमीटर कड ठेवून अख्खा तुकडा काढला. कानशिलावर भुवई उचलणाऱ्या नसेची फांदी फार खोल नसते, म्हणून चरबीच्या वरच्या थरातच थांबायचं. बाराच्या टोकाला खुणेचा टाका, तुकडा टिकवायला त्याच्या दहापट फॉर्मॅलिन, आणि फॉर्मवर ठळक अक्षरांत: 'चार महिन्यांपूर्वी प्लाझ्मा पेनने जाळलेला, मूळ तीळ तपासलेला नाही.' हे लिहिणं महत्त्वाचं, कारण पुन्हा उगवलेला साधा तीळ सूक्ष्मदर्शकाखाली मेलॅनोमाची, म्हणजे रंगपेशींच्या कॅन्सरची, हुबेहूब नक्कल करतो. 'तीळ, कानशील' एवढंच खरडून बाटली पाठवणारे आमच्यातच भरपूर आहेत, मग पॅथॉलॉजिस्टच्या नावाने खडे फोडतात.

पॅथॉलॉजिस्टचा फोन आला. आधीची स्लाइड? नाही. आधीचा फोटो? लेकीने मोबाइल चाळून जुने फोटो काढले. सगळे ब्यूटी फिल्टर लावलेले, कानशील गुळगुळीत, तिळाचा मागमूस नाही. क्लिनिकच्या नोंदीत 'स्पॉट रिमूव्हल, १' एवढीच ओळ.

रिपोर्ट असा: व्रणावरच्या एपिडर्मिसमध्ये (त्वचेच्या बाहेरच्या थरात) मेलॅनोसाइट वाढलेले, काही पेशी वरच्या थरांत चढलेल्या, एका बाजूला वाढ व्रणाच्या थोडी बाहेर. की-६७, म्हणजे पेशींच्या वाढीचा वेग दाखवणारी खूण, कमी. तुकड्याच्या कडा मोकळ्या. व्रणाखाली तिळाच्या पेशी नाहीत. त्या सापडल्या असत्या तर इथे मुळात साधा तीळ होता हे म्हणायला मोठा आधार मिळाला असता. कल पुन्हा उगवलेल्या तिळाकडे, पण वरच्या थरापुरता मेलॅनोमा नाकारता येत नाही.

"म्हणजे कॅन्सर आहे की नाही?" बाईंचा प्रश्न सरळ होता. बहुधा नाही, पण खात्रीने सांगायला जे लागतं ते जळून गेलं, असं मी सांगितलं. त्यांना ते पटलं नाही. इतक्या तपासण्या आहेत, त्यातून काहीच कसं कळत नाही? रागही आला, आणि तो माझ्यावर निघाला, कारण समोर मीच होते.

पेन आमच्याकडेही आहे. लोंबत्या चामखिळींसाठी, डर्मोस्कोपने खात्री झालेल्या सेबोऱ्हिइक केराटोसिससाठी (वयानुसार येणारे निरुपद्रवी खरखरीत उंचवटे) चांगला चालतो. रंग असलेल्या, निदान न झालेल्या डागावर तो वापरायचा नाही, आधी तुकडा काढून तपासायला पाठवायचा. यावर एक सहकारी म्हणाला, "पेशंटला टाका नको असतो, ते दुसरीकडे जातात." जातात, हे खरं आहे.

रिपोर्टमध्ये शंका उरली की वाईट शक्यता धरून चालायचं. म्हणून मूळ हद्दीपासून ५ मिलिमीटर कड होईल इतकं पुन्हा काढायचं ठरलं. कातडी ताणून नीट जुळवायची तर चीर जवळपास पाच सेंटीमीटरची येते. नंतर दर सहा महिन्यांनी पूर्ण अंगाची तपासणी, आणि कानशिलाचा फोटो दर वेळी आमच्या कॅमेऱ्याने, फिल्टरशिवाय.