फॉर्म कानाने भरून बघा

जळगाव-धुळ्याकडे आता केळीच्या बागेची नोंदणी म्हणा, कॉलेजचं अ‍ॅडमिशन म्हणा, सगळं ऑनलाइन झालंय आणि असे फॉर्म बनवायचं काम आमच्यासारख्या इथल्या छोट्या डेव्हलपर लोकांकडेच येतं. धुळ्याचा माझा एक मित्र आहे, त्याला दिसत नाही, लॅपटॉपवर एनव्हीडीए वापरतो (स्क्रीनवरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, फुकट आहे, 2006 पासून चालू आहे, कोणीही टाकून बघा). अशाच एका फॉर्मवर तो टॅब दाबत चालला होता आणि मशीन नुसतं "एडिट, ब्लँक... एडिट, ब्लँक". म्हणे, "भो, इथं नाव टाकू का आधार नंबर?"

स्क्रीनवर बघाल तर प्रत्येक रकान्याशेजारी नाव छान लिहिलेलं. पण नुसतं शेजारी, कोडमध्ये जोडलेलंच नाही! लेबलच्या (म्हणजे त्या नावाच्या टॅगच्या) 'फॉर'मध्ये आणि इनपुटच्या (म्हणजे रकान्याच्या टॅगच्या) 'आयडी'त सेम शब्द टाकला की झालं. रेडिओ बटणांचं तर विचारूच नका, "ठिबक आहे का?" हा प्रश्न वरती सुटा लिहिलेला, त्यामुळे ऐकू येतं फक्त "हो" आणि "नाही", कशाला हो ते कळायला मार्ग नाही. ती बटणं फील्डसेटमध्ये (गट करणाऱ्या टॅगमध्ये) घ्या, प्रश्न लेजंडमध्ये (त्या गटाच्या शीर्षकात) टाका.

जळगाव जिल्ह्यात 15 तालुके, त्यासाठी साधा सिलेक्ट (ब्राउझरची तयार निवड-यादी) पुरतो, अक्षर दाबलं की थेट रावेर. पण नाही, आपल्याला डिव्ह (नुसते रिकामे डबे) जोडून रंगीत ड्रॉपडाउन करायची हौस, आणि मग तो कीबोर्डने उघडतच नाही.

चुकलेल्या रकान्याला नुसती लाल बॉर्डर देऊन काय उपयोग? "मोबाइल नंबर 10 आकडी हवा" असं लिहा, ते आरिया-डिस्क्राइब्डबायने (रकान्यासोबत ती सूचनाही वाचली जावी म्हणून टॅगमध्ये लिहायचा गुणधर्म) त्या रकान्याला जोडा आणि सबमिटनंतर फोकस पहिल्या चुकीवर न्या.

आणखी एक, मराठी फॉर्मच्या टेम्पलेटमध्ये लँग (पानाची भाषा सांगणारा कोड) 'ईएन', म्हणजे इंग्रजीच राहतो, मग आवाज मराठीवर जातच नाही. तिथं 'एमआर' करा, दोन अक्षरांचं काम.

चित्रातल्या कॅप्चाचा मात्र मला खरंच राग येतो. एप्रिल 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने डिजिटल सेवा वापरता येणं हा कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग धरला, आणि आपण वाकडीतिकडी अक्षरं ओळखा म्हणतोय, तेही ऑडिओचा पर्याय न देता. मोबाइलवर ओटीपी घेतोच ना आपण, मग अजून कॅप्चा कशाला पाहिजे?