मोजून चौदा क्षेपणास्त्रं

२३ जून २०२५ ला रात्री दहा वाजून गेलेले, आई भांडी आवरत होती, आणि दोह्याहून धाकट्या भावाचा व्हॉट्सॅपवर व्हिडिओ आला, आभाळात लाल ठिपके नि मागे धडाम धडाम आवाज, खाली एवढंच, "आई, हांव बरो आसा, भियेनाका." मग पाऊण तास फोन लागेना. आईने देवापुढे समई लावली, मी टीव्ही लावला, त्या पाऊण तासात मनात काय काय येऊन गेलं ते लिहवत नाही.

सकाळपर्यंत कळलं की इराणनं कतारमधल्या अल उदेदच्या अमेरिकन तळावर मारा केला तो आधी कळवून केला. कतारनं हल्ल्याच्या आधीच विमानांसाठी आकाश बंद केलेलं, कोणी मेलं नाही, ट्रम्पनी तर आगाऊ कळवल्याबद्दल इराणचे आभार मानले. आकडासुद्धा मोजलेला, अमेरिकेने आदल्या दिवशी इराणच्या फोर्दो आणि नतांझ अणुकेंद्रांवर १४ बंकर बस्टर (जमिनीत खोल घुसून फुटणारे बॉम्ब) टाकले होते आणि ट्रम्पनी सांगितलेला क्षेपणास्त्रांचा आकडाही १४च, इराणनंही म्हटलं की जेवढे बॉम्ब तेवढीच आमची क्षेपणास्त्रं. म्हणजे घरच्या लोकांना दाखवायला उत्तर दिलं आणि समोरच्याला सांगितलं की आमच्याकडनं फिटलं, आता पुढे नको. काही तासांत शस्त्रसंधी जाहीर.

ऑफिसात सगळे म्हणाले, बघ, सेटिंगच होतं, उगाच घाबरलास. मला हे बिलकूल पटत नाही.

कारण जानेवारी २०२० ला पण असंच होतं. अमेरिकेने इराणचे जनरल सुलेमानींना मारल्यावर ८ तारखेच्या पहाटे इराणनं इराकमधल्या ऐन अल असद तळावर क्षेपणास्त्रं सोडली, तेव्हाही इराकला आधी कळवलेलं, अमेरिकन सैनिक एकही मेला नाही (शंभरावर जणांच्या मेंदूला इजा झाली ते मागाहून बाहेर आलं). पण त्याच पहाटे, काही तासांनी, तेहरानहून कीवला निघालेलं युक्रेनचं प्रवासी विमान इराणच्याच क्षेपणास्त्रांनी पाडलं. १७६ माणसं. अमेरिका आता उलट मारणार म्हणून रडारवरची माणसं तणावात होती, त्यांना ते विमान शत्रूचं क्रूझ मिसाइल वाटलं, आणि आकाश मात्र उघडंच ठेवलेलं. कबूल करायला तीन दिवस लागले.

आणि आपल्याकडे? बालाकोटच्या दुसऱ्या दिवशी, २७ फेब्रुवारी २०१९ ला, पाकिस्तानी विमानं आलेली असताना बडगाममध्ये आपलंच एमआय-१७ हेलिकॉप्टर आपल्याच क्षेपणास्त्राने पडलं, हवाई दलाचे सहा जण आणि खाली गावातला एक माणूस गेला. ही आमची मोठी चूक होती असं हवाई दल प्रमुखांनी नंतर मान्य केलं, ते मोठेपणच, पण त्या सात घरांत काय? बालाकोट, विंग कमांडर अभिनंदन यांच्यावर आपण किती बोललो, त्या सात जणांबद्दल फारच कमी.

संदेश वरच्यांना पोचतो हो, पंतप्रधानांना, जनरलांना, पण रडारसमोर बसलेल्या पोराला कोण सांगतं की हे एवढंच आहे, पुढे काही येणार नाही? त्याला पडद्यावर एक ठिपका दिसतो आणि हातात काही सेकंद असतात. म्हणून मारा मोजून केला की नाही हे मी आता दुसऱ्या नंबरवर ठेवतो, आधी विचारतो की प्रवासी विमानं थांबवली होती का. कतारनं थांबवली म्हणून आमचा धाकटा त्या रात्री निदान खालून आभाळ बघत होता.

आम्ही गोव्यात चिखलीला राहतो, नौदलाच्या हंसा तळावरची मिग-२९के लढाऊ विमानं डोक्यावरून गेली की भिंती हादरतात, लहानपणापासून सवय आहे. आता आई आवाज आला की हातातलं काम थांबवते. धाकटा चवथीला येतोय, मोपा विमानतळावर उतरेल, आणि ती रोज विचारते, दोह्याची विमानं चालू आहेत ना रे?