बिलावरचे नाव

इंदूरच्या सियागंजातील एका पंपांच्या दुकानात मी विक्रीचे काम करते. जलूदहून नर्मदेचे पाणी शहरात येत असले तरी ज्यांची मदार बोरिंगवर आहे, ती मंडळी उन्हाळा लागताच आमच्याकडे येऊ लागतात. गेल्या एप्रिलमध्ये लोकमान्य नगरातून आलेले एक काका त्यांपैकीच. काउंटरवर मराठी ऐकून त्यांना आनंद झाला, माहेर कुठले याचीही चौकशी झाली; पण मी बोरिंगची माहिती विचारताच ते म्हणाले, "ताई, तुम्ही राहू द्या. पंपातले कळणारे कोणी असेल तर बोलवा."

शेठ बँकेत गेले होते. काका नुकत्याच कामाला लागलेल्या मुलाकडे वळले. शेजाऱ्यांकडे आहे तसाच एक एचपीचा सबमर्सिबल, म्हणजे बोरिंगच्या पाण्यात बुडवून चालणारा पंप, त्यांना हवा होता. उन्हाळ्यात पाणी 200 फुटांवर जाते आणि टाकी तिसऱ्या मजल्याच्या गच्चीवर आहे, हे त्यांनी त्याला सांगितलेले मी ऐकले, आणि मुलगा खोके काढायला निघाला तेव्हा मला राहवेना. 200 फूट, टाकीपर्यंतचे आणखी 40, पाइपातील घर्षणासाठी दहा टक्के, असे सुमारे 265 फूट, म्हणजे 80 मीटर हेड (घर्षण धरून पाणी चढवायची उंची) होते. पंप नुसत्या एचपीवर निवडता येत नाही. तेवढ्या हेडला तो किती पाणी फेकतो हे तक्त्यात पाहावे लागते, आणि या पंपाच्या तक्त्यात 80 मीटरच्या रकान्यात पाणी जवळजवळ संपलेले होते. मी हे कागदावर मांडून दाखवले. काकांनी कागदाकडे पाहिलेसुद्धा नाही. तोच कागद मुलाने वाचून दाखवला, तेव्हा मात्र "असे समजावून सांगणारा माणूस लागतो" म्हणत त्यांनी जास्त स्टेजचा, म्हणजे पाणी वर ढकलणारे पंखे जास्त असलेला, दीड एचपीचा पंप घेतला.

बिलावर विक्रेता म्हणून नाव त्या मुलाचे पडले. आमचा इन्सेंटिव्ह त्या नावावरच ठरतो, त्यामुळे गिऱ्हाइकाचा हा अविश्वास महिन्याअखेरीस थेट माझ्या पगारातून वजा होतो. संविधानाच्या कलम 15 नुसार स्त्री आहे म्हणून कोणालाही दुकानात येण्यापासून अडवता येत नाही. समान वेतनाचा कायदा 1976 साली आला आणि आता ती तरतूद वेतन संहितेत आहे, पण ती बांधते मालकाला. काउंटरच्या आतल्या बाईचे ऐकून घ्यावे, असे गिऱ्हाइकाला सांगणारा कायदा नाही आणि तो व्हावा असेही मी म्हणत नाही. काका शेवटपर्यंत मला आदराने ताईच म्हणत होते, आणि म्हणूनच तक्रार तरी कशाची करायची, हे मला सुचत नव्हते.

शेठ परतल्यावर मी विषय काढला. "गिऱ्हाइकाला आपण काय बोलणार?" असे ते म्हणाले. मी दोन गोष्टी मागितल्या: ज्याने हिशेब करून पंप सुचवला त्याचेच नाव बिलावर यावे, आणि कोणी पुरुष माणसाला बोलवा म्हटले, तर पंपांचे काम याच पाहतात, असे शेठांनी स्वतः सांगावे. पहिली गोष्ट त्यांनी मान्य केली. दुसरी अजून झालेली नाही, आणि मी ती मागणे सोडलेले नाही.