सतराचा फरक

१ जुलैच्या सकाळी मेलमध्ये आलेला आकडा होता सतरा. आदल्या रात्रीच्या रनमध्ये सोर्समधून, म्हणजे मूळ यादीतून, उचललेली कर्जखाती ४,१८,२३६ आणि पाचही टार्गेटमध्ये, म्हणजे ती वाटून टाकायच्या टेबलांत, मिळून पोचलेली ४,१८,२१९. चार लाखांत सतरा म्हणजे काहीच नाही. रात्रपाळीच्या मुलाने ‘डे-एंड चालू असताना बंद झालेली खाती असावीत’ असं लिहून तिकीट, म्हणजे तक्रारीची नोंद, मिटवूनही टाकलं होतं. डे-एंड म्हणजे दिवसाचे व्यवहार बंद करायचं रोजचं काम. कारण पटण्यासारखं होतं. खरं होतं की नाही ते कुणी पाहिलं नव्हतं.

काम थोडक्यात सांगते. आमची टीम एका कर्ज देणाऱ्या कंपनीच्या डेटाचं काम बघते. रोज रात्री सगळी कर्जखाती उचलायची, किती दिवस थकली आहेत ते मोजायचं आणि प्रत्येक खातं पाचपैकी एका टेबलात टाकायचं: नियमित, एसएमए-०, एसएमए-१, एसएमए-२ (एसएमए म्हणजे थकायला लागलेली, लक्ष ठेवायची खाती) आणि एनपीए (अनुत्पादक ठरलेलं कर्ज). तीस दिवसांपर्यंत थकलेलं खातं एसएमए-०, एकतीस ते साठ एसएमए-१, एकसष्ट ते नव्वद एसएमए-२ आणि नव्वदच्या पुढे गेलं की एनपीए. दिवस कसे मोजायचे याबद्दल रिझर्व्ह बँकेचं १२ नोव्हेंबर २०२१ ला परिपत्रक निघालं आणि त्यात उदाहरणच दिलेलं होतं. हप्ता ३१ मार्चचा असेल आणि त्या दिवशीच्या डे-एंडपर्यंत आला नाही, तर खातं ३१ मार्चलाच थकलं. मग ३० एप्रिलला एसएमए-१, ३० मेला एसएमए-२, २९ जूनला एनपीए. म्हणजे मुदतीचा दिवसही मोजायचा. आम्ही तसाच मोजतो.

हे सगळं इन्फॉर्मॅटिकाच्या एका मॅपिंगमध्ये होतं. इन्फॉर्मॅटिका म्हणजे डेटा एकीकडून दुसरीकडे नेणारं टूल, आणि मॅपिंग म्हणजे तो कुठून कुठे, कसा जायचा याची त्यातली आखणी. मॅपिंग जूनच्या मध्याला लाइव्ह गेलेलं. ज्याने बांधलं तो आमच्याकडून सोडून गेला होता. हुशार मुलगा, पण आयुष्यभर एसएसआयएसवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या तशाच टूलवर, काम केलेला. ही माहिती पुढे उपयोगी पडली.

दहाच्या सुमाराला कंपनीच्या फायनान्सच्या मॅडमचा फोन आला. त्यांना सतराशी देणंघेणं नव्हतं. “अहो, तुमच्या एनपीएच्या यादीतलं एक खातं मला एसएमए-२ मध्ये पण दिसतंय. एक माणूस दोन्हीकडे कसा?” त्यांनी दोन्ही याद्या एक्सेलमध्ये समोरासमोर लावून व्हीलुकअप, म्हणजे एका यादीतलं दुसरीत शोधणारं सूत्र, मारला होता. एक सापडलं म्हणून सगळी यादी ताडून पाहिली, तर शेकड्याने निघाली. तिमाहीअखेरची यादी होती, ऑडिटर यायचे होते, शिवाय महिनाअखेरची स्थिती चारही क्रेडिट ब्युरोंना जायची होती. त्यांचा आवाज शांत होता. त्या चिडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

मॅपिंग उघडलं. मधोमध राउटर, म्हणजे अटी पाहून रेकॉर्ड वाटणारा भाग, त्यात पाच ग्रुप. एनपीएची अट: थकीत दिवस ९१ किंवा जास्त. एसएमए-२: ६१ ते ९१. एसएमए-१: ३१ ते ६१. एसएमए-०: १ ते ३१. नियमित: शून्य. शेजारी बसलेला नवा मुलगा म्हणाला, “मॅम, हे ९१ दोनदा आलंय.” आलं होतंच. पण ते नजरचुकीने आलेलं नव्हतं, सवयीने आलेलं होतं. एसएसआयएसच्या कंडिशनल स्प्लिटमध्ये, म्हणजे तिथल्या राउटरमध्ये, अटी वरून खाली तपासल्या जातात आणि रेकॉर्ड पहिल्या जुळलेल्या अटीतून बाहेर पडतो. तिथे एनपीए सगळ्यात वर ठेवलं की एसएमए-२ मध्ये ९१ लिहा नाहीतर ९०, फरक पडत नाही. एक्क्याण्णववाला तोवर निघून गेलेला असतो. इन्फॉर्मॅटिकाचा राउटर तसा थांबत नाही. जितक्या ग्रुपची अट जुळेल तितक्या ग्रुपांतून तो तोच रेकॉर्ड पुढे पाठवतो. एक खातं दोन अटींत बसलं की दोन टेबलांत जाणार. टूल बरोबर चाललं होतं.

मग पंधरा दिवस हे दिसलं कसं नाही? युएटी, म्हणजे लाइव्ह जाण्याआधीची वापरणाऱ्यांची चाचणी, झाली होती, रोजचे रन झाले होते, दुबार एकही नाही. यावर माझा बराच वेळ गेला आणि शेवटी कागदावर तारखा मांडल्यावर उलगडलं. या कंपनीचे हप्ते महिन्याच्या १, ५ आणि १० तारखेलाच असतात. बरोबर एकतिसावा, एकसष्टावा किंवा एक्क्याण्णवावा दिवस पडायला थकीत तारीख यांतलीच एक असायला हवी. ११ जूनपासून २९ जूनपर्यंत कुठलीही रात्र घ्या, मागे मोजत गेलं की १२ ते ३० मे, १२ ते ३० एप्रिल, १३ ते ३१ मार्च याच तारखा येतात. १, ५, १० यांतली एकही नाही. आणि ३० जूनला? १ मे धरून मोजलं तर एकसष्ट. १ एप्रिल धरून मोजलं तर एक्क्याण्णव. एका रात्रीत दोन्ही काठांवर खाती येऊन बसली, तीही नेमकी तिमाहीअखेरीला. युएटीचा डेटा १५ जूनचा होता. त्यात हे सापडणं शक्यच नव्हतं.

दुबार खाती मोजली: ६११. आणि तिथे मी थांबले, कारण हिशेब उलटा लागत होता. ६११ जास्त पडली असतील तर टार्गेटची बेरीज सोर्सपेक्षा ६११ ने मोठी हवी. ती तर सतराने कमी होती. म्हणजे ६२८ खाती कुठेतरी गेलेली होती आणि त्यांचा खड्डा दुबारांनी जवळजवळ बुजवला होता. दिसत होते ते फक्त सतरा.

सोर्समधल्या खातेक्रमांकांतून पाचही टेबलांतले खातेक्रमांक वजा केले. ६२८ बरोबर निघाले. त्यांतली ६१९ सोनेतारण कर्जाची होती, जूनअखेरीला दुसरीकडून घेतलेल्या पोर्टफोलिओतली. या कर्जात मासिक हप्ता नसतो. मुद्दल आणि व्याज मुदतीअखेर एकदम भरायचं. त्यामुळे थकीत तारखेचा रकाना कोरा, आणि थकीत दिवसही नल, म्हणजे आकडाच नाही. जुन्या सिस्टममध्ये न थकलेल्या खात्याला शून्य येत होता, इथे काहीच येत नव्हतं. नल शून्याच्या बरोबर नाही, ९१ पेक्षा मोठा नाही, कशाच्याच मध्ये नाही. राउटर अशा उत्तराला ‘नाही’ धरतो. पाचही अटी नाही, म्हणून रेकॉर्ड डिफॉल्ट ग्रुपमध्ये, म्हणजे कुठेच न बसलेल्यांच्या ग्रुपमध्ये. आणि डिफॉल्ट ग्रुप कशालाच जोडलेला नव्हता.

राउटरचा डिफॉल्ट ग्रुप मोकळा सोडला की त्यातले रेकॉर्ड टाकून दिले जातात. एरर येत नाही, रिजेक्ट फाइलमध्ये ओळ पडत नाही, रन हिरवा दाखवतो. टूलच्या मते तुम्हीच ते नको म्हटलेलं असतं. एसएसआयएसमध्ये अटीचं उत्तर नल आलं तर स्प्लिट तिथेच आपटतो, रात्री दोन वाजता फोन वाजतो. त्या फोनला सगळे शिव्या घालतात. मला विचाराल तर तो फोन बरा.

मॅडमना कळवलं. त्यांचा पहिला प्रश्न: “म्हणजे सोनेतारणवाले रेग्युलर लोक कुठल्याच यादीत नाहीत?” नव्हते. दुबार निदान डोळ्यांनी दिसले, हे दिसलेच नसते. नेमकं हेच मी मेलमध्ये लिहिलं आणि ‘सतरा’ ऐवजी दोन आकडे वेगवेगळे दिले. वरून, आमच्या बाजूच्या मॅनेजरकडून, “आधी दुबार काढून यादी पाठवा, बाकीचं नंतर बघू” असा निरोप आला. मी नाही म्हटलं. दुबार काढल्यावर फरक ६२८ झाला असता आणि तो समजावत बसण्यापेक्षा दोन्ही एकदम नीट करणं सोपं होतं. शिवाय घाई दुसऱ्याच गोष्टीची होती: त्याच रात्रीच्या रनला १ जूनचे हप्ते बरोबर एकतीस दिवसांचे होणार होते. म्हणजे तिसऱ्या काठावर.

राउटरच्या अटींतले आकडे एकेकाने कमी करून भागलं असतं. नव्या मुलाने तेच सुचवलं. पण उद्या कुणी सहावा ग्रुप घातला की पुन्हा तोच घोळ. म्हणून वर्गवारी राउटरमधून काढून आधीच्या एक्स्प्रेशनमध्ये, म्हणजे हिशेबाच्या पायरीत, नेली. तिथे डीकोड नावाचं फंक्शन लिहिलं, जे पहिली खरी अट सापडली की थांबतो. त्यातून प्रत्येक खात्याला एकच शिक्का मिळतो. राउटरला आता फक्त शिक्का वाचायचा. एका खात्यावर दोन शिक्के असूच शकत नाहीत. सोनेतारणाचं खातं, मुदत संपलेली नाही आणि थकीत तारीख कोरी, असं असेल तर नियमित. बाकी कुठल्याही कोऱ्याला किंवा अटीत न बसणाऱ्याला आम्ही मुद्दाम काही ठरवलं नाही. ते डिफॉल्टमधून ‘अनिर्णित’ नावाच्या नव्या टेबलात.

रोजच्या मेलमधली बेरजेची तुलना ठेवली, पण तिच्याखाली दोन ओळी वाढवल्या. एकाहून जास्त टेबलांत असलेले खातेक्रमांक किती, आणि एकाही टेबलात नसलेले किती. क्वेरी साध्या आहेत, लिहायला पाच मिनिटं लागली. बेरजेने जे झाकलं ते या दोन ओळींनी त्याच सकाळी उघडं पाडलं असतं.

३० जूनचा रन दुपारी पुन्हा चालवला. एनपीएची यादी होती तेवढीच राहिली, एसएमए-२ आणि एसएमए-१ आखडल्या, नियमितची वाढली. मॅडमनी पुन्हा व्हीलुकअप मारला. मारणारच. काही निघालं नाही.

रात्रीचा रन मी जागून पाहिला. दुबार शून्य, हरवलेले शून्य, अनिर्णितमध्ये नऊ. ते ६२८ मधले उरलेले नऊ: साध्या हप्त्याची कर्जं, पण थकीत तारीख पुढच्या वर्षातली, त्यामुळे थकीत दिवस उणे. बहुतेक शाखेत वर्ष चुकीचं टाइप झालेलं. आमच्याकडून दुरुस्त करण्यासारखं ते नव्हतं, म्हणून नऊ खातेक्रमांक मॅडमना पाठवले. सकाळी त्यांचं उत्तर आलेलं होतं: “सहा एकाच शाखेचे आहेत. बोलते त्यांच्याशी.”